नुसते खिसे शिवणारी मशीन

"आई, तुला अख्खा शर्ट शिवता येतो का गं?"

मित्रांनो, हा प्रश्न प्रतिक्षाच्या मनातला नव्हता. "हिंमत असेल तर विचार!" अशी पैज पायलने वर्गात लावली होती. प्रतिक्षा ती, माघार घेते कसली! पण तिची आई वैजयंती हिचे पाय एकदम थांबले. माझं चाकसुद्धा थांबलं.

मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. वैजयंतीच्या लग्नात मंगळवेढ्याहून एसटीच्या टपावर बसून सोलापुरात आले. तेव्हा आम्ही दोघी झबली, परकर, पोलकी, सगळं शिवायचो. बायका दारातच अंगाला लावून बघायच्या. "लई झ्याक बसलं की!" म्हणायच्या. त्या दिवशी वैजयंती गुणगुणत भाकरी थापायची.

मग गणवेशाच्या कारखान्याचं काम घरी येऊ लागलं. एकीकडे कॉलर, दुसरीकडे बाही, आमच्याकडे खिसे. त्यावरच प्रतिक्षाची शाळा चालली, हे खरं. पण नऊ वर्षं झाली, पुरा झालेला शर्ट आम्ही पाहिला नाही. कुणी कामाचं विचारलं, की वैजयंती म्हणते, "काही नाही, खिसे मारते." ते 'काही नाही' मला सुईपेक्षा जास्त टोचतं.

"येत होता," ती हळूच म्हणाली. "आता हात विसरला असंल."

"मग ही भंगारात देऊ की," प्रतिक्षाचे पप्पा, सिद्राम, म्हणाले. "मोटारीची मशीन आणू. दुप्पट खिसे हुतील."

माझा तर दोराच तुटला!

"थांबा पप्पा! आई, पायलच्या शर्टाच्या खिशाला कोपऱ्यात टाक्यांचा बारीक त्रिकोण आहे. तूच मारतेस ना? मी वर्गात ओरडून सांगितलं, हा माझ्या आईचा खिसा! ती म्हणाली, नुसता खिसाच ना? त्यावरूनच पैज लागली."

"कारखानदार ओरडतो, त्रिकोणात वेळ घालवू नका म्हणून," वैजयंती म्हणाली. "पण पोरं खिशात काय काय कोंबतात. फाटायला नको." मग हळूच विचारलं, "पायलला नीट बसलाय का गं?"

मित्रांनो, मला दोन थेंब तेल पुरतं. माणसाला मात्र आपलं काम कुणाच्या तरी अंगावर बसलेलं दिसावं लागतं. तेवढं दाखवत जा.

प्रतिक्षाने माझ्यावर हात ठेवला. "आई, पप्पा, माझं ठरलंय. ही मशीन कुठंही जाणार नाही. शाळेच्या गॅदरिंगसाठी माझा शर्ट आई कापणार, मी ह्याच मशीनवर शिवणार. सगळा. खिसा सोडून. खिसा माझी आईच मारणार!"