राखेवरची पावलं

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा रांजण आहे. नाईलकाठच्या केना शहराजवळची माती, तिच्यात चाळलेली राख आणि भट्टीची आच, एवढ्यावर मी घडलो. अब्दुल मौला नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याने आपल्या वारलेल्या वडिलांच्या नावाने मला दारापुढे मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं आणि त्या म्हाताऱ्याला दुवा द्यावा, एवढीच त्याची इच्छा. उन्हाळ्यात मला घाम फुटे आणि पोटातलं पाणी गार होई. ऊसतोडे, गाढववाले, शाळकरी मुलं माझं नाव काढत.

हिवाळ्यात मात्र मला कोण विचारतो? अब्दुल मौलाची बायको बसीमा मला आठवड्याने भरी, तरी तळाशी पाणी उरे. पण त्या हिवाळ्यात मी दोन-तीन दिवसांतच रिकामा होऊ लागलो.

का, ते मला ठाऊक होतं. त्यांची धाकटी मुलगी नवारा अंथरूण ओलं करू लागली होती. भाऊ तिला "पाण्याच्या पाटाची राणी" म्हणून चिडवत. आईने घरात तिचं पाणी मोजकं केलं होतं. म्हणून सगळे उसाच्या फडात गेले की ती पोर चोरून माझ्याकडे येई. वाटीवर वाटी पिई, पोट धरून संडासाकडे पळे, आणि लगेच परत येई. मी आतून नुसता घुसमटत होतो. एवढ्या थंडीत एवढी तहान? पण सांगणार कसं?

दोष आला माझ्यावर. शेजारची उम्म हुसनी हसत म्हणाली, "बसीमा, तुझ्या रांजणाला म्हातारपणी लघवीचा त्रास सुरू झाला वाटतं!"

"गळतोय मेला," अब्दुल मौला म्हणाला. "गुरुवारच्या बाजारातून नवा आणतो. हा फोड आणि बुडात कोंबड्यांना पाणी ठेव."

फुटायची भीती कोणाला नसते, मित्रांनो? पण मी फुटलो असतो, तर नवाराची तहान कोणाला कधी कळली असती?

"थांबा हो," बसीमा म्हणाली. "गळतोय कुठून ते आधी बघू तरी."

तिने सकाळी मला काठोकाठ भरलं. माझ्याखाली आणि भोवती चुलीतली कोरडी राख पसरली, आणि ती फडात गेली. दुपारी परतून पाहते तो काय, पाणी चार बोटं खाली आणि राख कोरडी ठणठणीत! पण राखेवर लहान पावलं होती. येणारी, जाणारी, पुन्हा येणारी, एकावर एक उमटलेली.

"नवारा! हे पाय तुझे?"

"मारू नकोस गं आई," नवारा रडू लागली. "तहान लागते. प्यायलं तरी लागतेच."

बसीमाने तिची हनुवटी वर केली आणि पहिल्यांदाच तिला उन्हात नीट पाहिलं. गालाची हाडं वर आली होती. मनगटात घट्ट बसणारी बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. श्वासाला पिकून उतरलेल्या पेरूसारखा वास येत होता.

"नजर लागलीय पोरीला," उम्म हुसनी म्हणाली. "चार दिवस काकवी चार, भरून येईल."

"काकवीच तर चारतेय गं! भाकरीबरोबर वाटी वाटी. सगळ्यांपेक्षा जास्त खाते आणि तरी वाळतेय. हे खाणं जातंय कुठे?" बसीमाचा आवाज चिरकला. ती मागून आलेल्या नवऱ्याकडे वळली. "अहो, बाजार राहू दे. गाडी आणा. आत्ताच्या आत्ता!"

ते तिला घेऊन दवाखान्यात गेले. त्या राखेत मी एकटा उभा. पाणी संपलं, भरायला कोणी आलं नाही. वाटसरू झाकण उघडून पाहत आणि तसेच पुढे जात. वाऱ्याने एकेक पाऊल पुसत नेलं.

अखेर एका सकाळी बसीमा दारात दिसली. तिचा हात धरून नवारा चालत होती!

"मधुमेह आहे," बसीमाने उम्म हुसनीला सांगितलं. "लहान मुलांनाही होतो. साखर अंगी लागत नाही, रक्तात साठते, मग लघवीवाटे पाणी ओढून नेते. म्हणून ती तहान, तो थकवा, ते वाळणं."

"म्हणजे काकवीने झालं?"

"मीही रडत तेच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, काकवीने झालेलं नाही, तुझी चूक नाही. पण आणखी थोडा उशीर झाला असता, उलट्या होऊन गुंगी आली असती, तर पोर हाती लागणं कठीण होतं. आता रोज इन्सुलिनची सुई."

नवारा माझ्याजवळ आली. तिने वाटी भरली, दोन घोट घेतले, आणि उरलेलं पाणी कोंबड्यांपुढे ओतून खेळायला पळाली. मित्रांनो, उरलेल्या पाण्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मी अजून त्याच दारात आहे. तुमच्या घरी, वर्गात कोणी सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, खाऊनही वाळत असेल, तर त्याला हसू नका, त्याचं पाणी तोडू नका. त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. मला एवढं मोठं तोंड असून बोलता येत नाही. तुम्हाला येतं.