चार तपकिरी

"काका, हा चमकतोय. मला न चमकणारा पाहिजे," पिंकी म्हणाली आणि मनगटावर घासलेला पापण्यांचा रंग तिनं रुमालानं पुसून टाकला.

दस्तगीरनं डबी उजेडाकडं फिरवली. आत बोटाच्या पेरांएवढे रंगांचे चौकोन दोन ओळींत बसवलेले. "मग हा बघ. तपकिरी."

"रविवारी साखरपुडा आहे माझा. साडी अंजिरी आहे. मला शोभेल का हा?"

"सगळेच चांगले हायेत की."

पिंकीनं त्याच्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "नजमाकाकी नाहीत का?"

"तिला बरं न्हाई."

पिंकी डबी काउंटरवर ठेवून निघून गेली. पवनानगरच्या स्टँडसमोरचं हे दुकान निम्मं बांगड्यांचं आणि निम्मं सिंगाराचं. बांगड्या दस्तगीरच्या. बाईचा हात नुसता दाबून तो माप सांगायचा. लिपस्टिक, पावडर, काजळ, पापण्यांचे रंग हा सगळा कारभार त्याच्या बायकोचा. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुली लग्नाआधी नजमाकडं येऊन बसायच्या आणि ती त्यांच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवायची. गेल्या वर्षी साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले. दिवस की रात्र एवढंच कळायचं. तेव्हापासून ती दुकानामागच्या खोलीत पडद्याआड बसून असायची. गिऱ्हाइकांसमोर चाचपडत यायचं तिला नको होतं.

"कोणचा दाखवला?" पडद्यामागून आवाज आला.

"तपकिरी."

"कोणचा तपकिरी?"

"आता तपकिरी म्हंजे तपकिरीच की गं."

"त्या डबीत चार तपकिरी हायेत, अहो."

दस्तगीरनं डबी पुन्हा उघडली. खरंच चार होते. इतकी वर्षं ही डबी त्याच्या हाताखालून विकली गेली होती, आणि आपण ती कधी पाहिलीच नाही याचं त्याला नवल वाटलं. दुपारी स्टँडवर शुकशुकाट झाल्यावर तो डबी घेऊन आत गेला आणि तिच्याजवळ बसला.

"सांगू का? पयला भाजलेल्या नाचणीवानी हाय."

"बरं. दुसरा?"

"दुसरा काकवी. पातळ न्हाई, घट्ट झालेली. तिसरा…" त्यानं डबी नाकाशी नेली, जणू वासानं कळणार होतं. "तिसरा सुक्या बोंबलावानी."

नजमा हसली. फार दिवसांनी हसली. "बोंबील कोण लावंल डोळ्याला? आणि चौथा?"

"चौथ्यात जांभळं हाय जरासं. वांगं चुलीत टाकल्यावर त्याची साल व्हती तसं."

"हातावर लावून नका बघू," ती म्हणाली. "हाताची कातडी येगळी, पापणीची येगळी. पापणीवर रंग फिरतो."

मग दस्तगीरनं ते केलं, जे तो कुणाला सांगणार नव्हता. काउंटरमागच्या आरशात पाहून त्यानं आपल्याच उजव्या पापणीवर नाचणी लावली आणि डाव्या पापणीवर वांगं. डबीत भारी दिसणारा रंग पापणीवर निम्मा उतरत होता. बोटानं दाबला तर गडद बसायचा, घासला तर उडून गालावर सांडायचा.

"गालावर सगळी भुकटी पडली," त्यानं आत ओरडून सांगितलं.

"म्हणून तर आधी डोळे करायचे. गाल पुसून घ्यायचा आणि मग त्वांडाची पावडर," आतून उत्तर आलं.

तेवढ्यात जीपवाला कैलास सुट्टे मागायला आला आणि दारातच थांबला. "काय भाऊ, नाटकात काम मिळालं का?"

दस्तगीरचे कान तापले. पण तो म्हणाला, "मिळालं. तू एक काम कर. वरच्या आळीतल्या पिंकीला निरोप दे. म्हणावं, साडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पिंकी आली ती आजीला घेऊनच. बयाबाई दुकानातल्या स्टुलावर बसली आणि तिनं पदरानं घाम पुसला. "दस्तगीर, लोनावळ्याच्या पार्लरवालीनं हिच्या मैतरणीला चुना लावल्यावानी केलती. आमच्या पोरीला तसं नगं करू."

"न्हाई मावशी. मी न्हाई, नजमा सांगतीया," तो म्हणाला आणि पडद्याकडं तोंड करून बोलू लागला, "पोर सावळी हाय."

"सावळी म्हंजे? पिवळट का तांबूस?"

दस्तगीर पिंकीच्या तोंडाकडं वाकून पाहू लागला. पिंकीनं मान खाली घातली. "उन्हात तांबूस वाटती. डोळ्यांखाली जरा काळी हाय. नाकापाशी…"

"आरं, पोरगी हाय का बाजारातली भाजी!" बयाबाई उसळली. "आणि ती आत बसून काय इचारती? येवढी कोन राणी लागून गेली?"

आत भांडं सरकल्याचा आवाज झाला आणि पडदा हलला. नजमा भिंतीला हात लावत बाहेर आली. काउंटरच्या कडेला तिची कंबर आपटली, तशी ती तिथंच थांबली.

बयाबाई तिच्या डोळ्यांकडं पाहत राहिली. नजमा कुठं पाहते आहे ते समजत नव्हतं.

"नजमा," बयाबाईचा आवाज एकदम खाली आला. "मला कुनी सांगितलं न्हाई गं."

"आमीच न्हाई सांगितलं, मावशी," नजमा म्हणाली. "कुटं हाय पोर?"

पिंकीनंच तिचा हात धरून आपल्या तोंडाशी नेला. नजमानं हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवलं. तो उजेड तिला कळत होता. मग तिनं बोट अलगद पापणीवरून फिरवलं, भुवईखालच्या हाडापर्यंत. "डोळे खोल हायेत हिचे, बापावानी. अहो, नाचणीचा द्या. सगळ्या पापणीवर. आणि वांग्याचा कडंला."

"वांगी?" पिंकी दचकली.

दस्तगीरनं डबी पुढं धरली आणि नजमाचं बोट एकेका चौकोनावर नेऊन टेकवलं. नजमा सवयीनं लावत गेली. लावून झालं आणि ती म्हणाली, "कसं दिसतंय?"

दस्तगीरनं पाहिलं. नाचणी छान बसली होती. पण कडेचा जांभळा रंग पिंकीच्या सावळ्या कातडीवर काळानिळा पडला होता. कुणीतरी बुक्की मारावी तसा. बयाबाईच्याही ते ध्यानात आलं होतं. दस्तगीरच्या तोंडावर 'झकास' हा शब्द आला होता. नजमा मान तिरकी करून वाट पाहत होती.

"मार खाल्ल्यावानी दिसतंय," तो म्हणाला.

नजमाचं बोट हवेतच राहिलं. पिंकी काहीतरी सावरून घ्यायला गेली, पण बयाबाईनं तिचा दंड दाबला.

"मग मला न्हाई जमायचं आता," नजमा हळूच म्हणाली.

"तुझं कुटं चुकलं? तू माझ्या सांगण्यावर गेलीस. मी डबीतलं वांगं सांगितलं, पोरीच्या पापणीवरचं न्हाई सांगितलं." तो पुन्हा वाकला. आता त्याला पिंकीची लाज वाटत नव्हती आणि पिंकीलाही त्याची. "नजमा, साडीच्या काठात जुनं सोनं हाय. मी म्हनतो, वांगं पुसून काकवी लावून बघू का?"

"काकवी," ती मनाशी म्हणाली. विचार करायला तिला थोडा वेळ लागला. "लावा. पन कडंलाच. आणि काजळ खालून बारीक."

पुसून काकवी लावली. पिंकीनं आरसा घेतला. आधी जवळ धरून दोन्ही डोळे पाहिले. मग तिनं आरसा जरा लांब धरला, साडीचा पदर गालापाशी आणला आणि पुन्हा पाहिलं.

"आजी, मीच दिसतेय गं," ती म्हणाली. "पार्लरमधून आल्यासारखी नाही. मीच."

बयाबाईनं नातीकडं पाहिलं आणि नजमाच्या खांद्यावर हात ठेवला. "रईवारी तूच यायचं. दुसरी कुनी नगं."

रविवारी नजमा साखरपुड्याला गेली. त्यानंतर ती सकाळी काउंटरमागं बसू लागली. कधी कंबर आपटायची, कधी काजळाच्या काड्या सांडायच्या. गिऱ्हाइकं आली की दस्तगीर बाईच्या तोंडाकडं पाहून बोलायचा आणि ती बोटांनी ऐकायची. एखादी बाई लाजून निघूनही जायची.

महिनाभरानं लोणावळ्याला नजमाच्या भाचीचं, उझमाचं लग्न निघालं. "मी न्हाई येनार" असं नजमानं आधीच कळवून टाकलं होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी ती खोलीत नवी साडी नेसून बसली आणि तिनं दस्तगीरला हाक मारली.

"मला लावा."

"काय?"

"डोळ्याला रंग. लोकांच्या पोरींना लावून झाला, सवताला कधी लावला न्हाई."

दस्तगीरनं दुकानातल्या सगळ्या डब्या आणून पलंगावर मांडल्या. तिचं तोंड उजेडाकडं वळवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्या डाव्या पापणीवर बारीक तीळ आहे हे त्याला आज कळलं. त्यानं तीन रंग लावले आणि पुसले. चौथा ठेवला.

"कोणचा?" तिनं विचारलं.

तो शब्द शोधत राहिला. "सांगता येत न्हाई. पन तुलाच शोभतोय."

"बरं," ती म्हणाली. दुसरा प्रश्न विचारला नाही.

कैलासची जीप खिंड चढू लागली. समोरच्या बाकावर वाटेत भाजे गावाला उतरणाऱ्या दोन बायका बसल्या होत्या. नजमानं डोळे मिटून घेतले होते. वळणावर दस्तगीरनं तिला सावरलं आणि विचारलं, "झोप आली का?"

"न्हाई," ती म्हणाली. "उघडे ठेवले तर पापणी आत जाती. मिटल्यावरच रंग दिसंल ना लोकांना."

समोरची बाई जरा पुढं वाकून पाहत होती. दस्तगीरनं नजमाचा पदर वाऱ्यापासून आवरून धरला, आणि लोणावळा येईपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.