सातच्या बातम्यांत अनंता नव्हता

मी एक जुना रेडिओ आहे. लाकडी पेटीचा, मोठ्या बटणांचा, लावल्यावर तापायला वेळ घेणारा. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे आणि इतकी वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. भिवंडीला कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या अनंतानं मला पडघ्याजवळच्या आपल्या गावी नेलं. त्याचे वडील सावळाराम शेती करायचे. आई आनंदीबाईनं ओटीवरच्या फळीवर मला बसवून वर विणलेला रुमाल घातला. गावात दुसरा रेडिओ नव्हता. संध्याकाळी सातच्या बातम्यांना अर्धं गाव आमच्या ओटीवर असे. हळूहळू तिथे एक पद्धतच पडली. कशावरूनही वाद पेटला की कुणीतरी म्हणायचं, "रेडिओत सांगितलंय!" आणि वाद तिथेच मिटायचा. देवळातल्या शपथेपेक्षा माझ्या शब्दाला जास्त वजन होतं.

१९७५ साल सुरू झालं तेच मुळी झोकात. मार्चमध्ये हॉकीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि तोही पाकिस्तानशी. समालोचन हिंदीतून चाललेलं. लूमवर राहून अनंताची हिंदी पक्की झालेली, म्हणून तो माझ्याशेजारी उभा राहून सगळ्यांना मराठीत सांगत होता. आपण जिंकलो तेव्हा सावळारामनं नारळ फोडला आणि त्याचं पाणी चक्क माझ्यावर शिंपडलं! आत सगळं तापलेलं होतं, थोडक्यात वाचलो. पण तेव्हा मला राग आला नाही. एप्रिलमध्ये आपला पहिला उपग्रह अवकाशात गेला. ती बातमी ऐकून सावळाराम अंगणात उभा राहून बराच वेळ आभाळाकडे बघत होता. दुपारी भावगीतं, रविवारी श्रुतिका. बायका भाकऱ्या थापताना गुणगुणायच्या. किती सुखाचे दिवस होते ते!

मग जून सरता सरता आणीबाणी आली, तीही माझ्याच तोंडून. त्यानंतर माझ्या घशात दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज बसला. गाड्या वेळेवर धावत आहेत, उत्पादन वाढत आहे, सर्वत्र शांतता आहे. रोज तेच. पडघ्याच्या नाक्यावर चहा पिताना अनंता म्हणाला, "आख्ख्या देशाला कुलूप लावलंय, आनि रेडिओ बोलतो शांतता हाय." एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटताना त्याला लूमच्या दारातून धरून नेलं. कुठे नेलं ते कुणी सांगेना.

आनंदीबाई रोज सातला माझ्यासमोर येऊन बसू लागली. सरकारनं पोराला नेलंय, तेव्हा सरकारच रेडिओत त्याचं नाव सांगेल, असं त्या माउलीला वाटायचं. बातम्या संपल्या की उठताना म्हणायची, "आज न्हाय सांगितलं. उद्या सांगतील." कपाळ सांगणार मी! माझ्यात कुणी अनंताचं नाव घातलंच नव्हतं.

त्याहून वाईट झालं ते सावळारामचं. "केवळ समाजकंटकांवर कारवाई होत आहे," असं मी रोज सांगत होतो आणि तो रोज ऐकत होता. ऐकून ऐकून त्याच्या मनात पाल चुकचुकली. पोरानं भिवंडीत काहीतरी भानगड केली असणार! तो मुलाचं नाव घेईनासा झाला. शेजारच्या महादूनं ठाण्याच्या तुरुंगात जाऊन चौकशी करूया म्हटलं, तर म्हणाला, "कशाला? रेडिओत सांगितलंय ना!"

मित्रांनो, माझ्या जिवाचा कसा जळफळाट झाला असेल! ज्यानं मला घरी आणलं, त्याच्याच बापाला मी त्याच्याविरुद्ध फितवत होतो. आणि हे शब्द माझे नव्हते! ते लिहिणारे कुठेतरी पंख्याखाली बसले होते. त्यांनी अनंताला कधी पाहिलंही नव्हतं.

खंडेनवमीला कोयते, नांगर पुजले गेले. आनंदीबाईनं माझ्यावरही झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. "दिल्लीचं सांगतोस, माझ्या पोराचं पन सांग रं." तेवढ्यात सात वाजले. मी म्हणालो, "एकाही निरपराध माणसाला अटक झालेली नाही."

"ऐकलंस?" सावळाराम म्हणाला.

आनंदीबाईनं माझं बटण असं पिरगाळलं की ते तिच्या हातातच आलं. "पोटात मी वागवला त्याला. ह्यो डबा मला सांगनार त्यो कसा हाय?"

दसरा झाला आणि तिनं एकटीनंच एस.टी. धरली. कशेळीचा पूल ओलांडून ठाण्याला गेली, तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहिली, हाकलली तरी पुन्हा गेली. शेवटी अनंताची भेट मिळाली.

ती परत आली तेव्हा सावळाराम ओटीवरच होता. ती म्हणाली, "बरा हाय. वाळलाय. चोरी न्हाय, मारामारी न्हाय. निस्ता बोलला म्हनून धरलाय." मग म्हणाली, "मला बघून माझ्या मागं बघत व्हता. इचारत व्हता, बापूस का न्हाय आला?"

सावळारामनं तोंडावर पंचा धरला आणि तो मोठ्यानं रडला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला माळ्यावर टाका, नाहीतर भंगारात घाला. तुमच्या मर्जीवर सोडलं. पण तुमच्या घरातलं माणूस कसं आहे, हे मला कधीही विचारू नका. त्याच्याकडे जा आणि त्यालाच विचारा.