खुरट्या जातीचा रोहू

मी रोहू मासा बोलतोय. सायखेड्याच्या नजीरभाईंनी ज्याला 'खुरटी जात' म्हणून नावं ठेवली, तोच मी. आज मी जरा रागानंच बोलणार आहे, ऐकून घ्या.

आम्ही सगळी भावंडं एकाच आईची. बोटाच्या पेराएवढी असताना हवा भरलेल्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीतून गावात आलो. निम्मी शेजारच्या कुसाबाईंनी त्यांच्या शेततळ्यात सोडली. उरलेली नजीरभाईंच्या घरामागच्या सिमेंटच्या टाकीत पडली. त्यांत मी होतो.

टाकीत इतकी दाटी, की शेपूट हलवली तर दुसऱ्याच्या डोळ्याला लागायची. खायला कधी शिळा भात, कधी काहीच नाही. भात तळाशी कुजायचा आणि त्याच पाण्यात आम्ही श्वास घ्यायचो. पहाटे जीव कोंडायचा. तोंडं वर काढून आम्ही हवा गिळायचो. मासे कसे मजेत खेळतायत, असं नजीरभाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. खेळतायत म्हणे! आम्ही गुदमरत होतो.

वर्ष उलटलं तरी मी बोटाएवढाच. कुसाबाईंच्या तळ्यातले मासे मात्र हातभर झाले. ते पाहून नजीरभाई घरी आले, ते आमच्यावरच चिडून. माशांचं बियाणंच खोटं निघालं, उद्या सगळे कोंबड्यांपुढे टाकतो, असं त्यांनी बायकोला, ताहेराबींना सांगितलं.

ताहेराबी वाद घालत बसल्या नाहीत. त्या कुसाबाईंनाच घेऊन आल्या. कुसाबाईंनी टाकीत वाकून पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"नजीरभाई, बियाणं एकच हाय. माझ्या तळ्यात शेणखतानं पाणी हिरवं होतं, त्यात बारके किडे होतात. मासे दिवसभर तेच खातात, लय हिंडतात. तुमच्या टाकीत काय हाय?"

ताहेराबींनी बादली उचलली आणि दुपारभर फेऱ्या मारून आम्हाला कुसाबाईंच्या तळ्यात सोडलं. काही भावंडं वाटेतच मेली.

तळ्यात मी पोटभर खाल्लं, मनसोक्त पोहलो आणि झपाट्यानं वाढलो. परवा नजीरभाई काठावर उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "हे माझेच मासे. अस्सल जात आहे."

शेजारी ताहेराबी होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग टाकीत परत तेवढीच नवी पिल्लं कशाला भरलीत?"

नजीरभाई विषय बदलून तळ्याची खोली सांगू लागले. म्हणून मीच सांगतो. त्या पिल्लांची जात नंतर बघा. आधी त्यांचं पाणी बदला.