हरभऱ्यातली तार

थंडी पडली की शहाणी माणसं रजईत शिरतात. नोमानचं सगळंच उलटं. हिंगोलीतला हळदीचा चालता धंदा भावावर सोपवून हा गडी दर जानेवारीत तंबू आणि माकडटोपी घेऊन सेनगावकडच्या शिवशंकरच्या शेतात मुक्कामाला यायचा. दोघं कॉलेजपासूनचे दोस्त. "नाक गार पडलं पायजे, यार, त्याशिवाय थंडीची मजा न्हाई," असं तो म्हणायचा. शिवशंकर दरवर्षी त्याला येडा ठरवायचा आणि दिवाळी सरली की त्याचीच वाट बघायचा.

यंदा नोमानने आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, हुमेराला, पहिल्यांदाच सोबत आणलं होतं. संध्याकाळी आगटीत ज्वारीची कणसं भाजली. शिवशंकरच्या आईने, शकुबाईने, ती हातावर चोळून गरम गरम हुरडा पोरीपुढे टाकला, आणि पोरीने शेंगदाण्याच्या चटणीसोबत तो असा हाणला की म्हातारी खूश झाली. पोट भरल्यावर मात्र हुमेराला भीती आठवली. इथं बिबट्या येतो का काका? साप? भूत? शिवशंकर हसत हसत एकेकाला नाही म्हणत होता. बिबट्या न्हाई, साप थंडीचे बिळात, आणि भुताला एवढी थंडी सोसत न्हाई.

तारेबद्दल तिने विचारलं नाही, कारण तिला ती माहीतच नव्हती. शिवशंकरने सांगितलं नाही, कारण त्याला लाज वाटली. रानडुकरांनी त्याच्या हरभऱ्याचा निम्मा पट्टा उकरून टाकला होता. मग त्याने पट्ट्याभोवती गुडघ्याच्या खाली उघडी तार ओढली, आणि अंधार पडला की विहिरीजवळच्या खांबावरून जाणाऱ्या लाइनीवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडायला लागला. पहाटे आकडा काढायचा. आसपासचे आणखी काही जण हेच करायचे. गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी बोलायचं नाही. त्या संध्याकाळीही सवयीने हात चालला. तंबू खोपीच्या अलीकडे होता, हरभरा पलीकडे. एवढ्या थंडीत तिकडे कोण मरायला जातंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

नेमकी त्या रात्री शेतातली लाइट आलीच नाही. कुठंतरी फॉल्ट झाला असेल. तार मुकाट पडून राहिली आणि शिवशंकर खोपीत पहाट उलटून गेली तरी घोरत राहिला.

जाग आली तेव्हा बाहेर धुकं असं दाटलं होतं की दाराजवळची बाजही धड दिसत नव्हती. शकुबाई चुलीवर चहा ठेवून बसली होती.

"नोमान उठला का न्हाई?" त्याने जांभई देत विचारलं.

"कवाच! पोरीला घेऊन माळावर गेला, दिस उगवताना बघाया. बांधाबांधानं गेले." तिने चुलीत काटकी सारली आणि थबकली. "शिवा, आकडा काढला का रं तू?"

शिवशंकर ताडकन उभा राहिला.

"लाइट आली का?"

"न्हाई अजून. पर कवाबी यील की."

भिंतीला टेकवलेला कोरडा बांबू उचलून तो बाहेर आला. आकडा काढायचाच होता, पण आधी त्या दोघांना सावध केलेलं बरं. करंट हा शब्द त्याच्या तोंडात आला आणि तिथंच अडकला. नोमान काय म्हणेल? माझी पोर इथं झोपली होती आणि तू तारेत करंट सोडलास? बांधाने गेलेत तर बांधानेच येतील, बांधावर तार नाही. उगाच कशाला बभ्रा करायचा? त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली.

"नोमाऽन! चहा झालाय, या लौकर!"

माळावरून आवाज आला, "आलोऽ!" आणि त्यामागून हुमेराचा, "काका, मी पयली येनार!"

शिवशंकर खांबाकडे निघाला. चार पावलं गेला असेल नसेल, तोच पोरीचं हसणं पुन्हा ऐकू आलं, आणि तो जागीच थांबला. बांध डावीकडे होता. हसणं समोरून येत होतं. पोरगी माळाच्या उतारावरून नाकासमोर पळत सुटली होती, हरभऱ्याच्या दिशेने.

"हुमेरा, बांधावरून जा!" मागून नोमान ओरडत होता.

"अब्बू, इकडून जवळ हाय!"

त्याच वेळी ओढ्यापलीकडच्या शेतात वसरामची पाण्याची मोटर सुरू झाली. लाइट आली की ती आपोआप सुरू व्हायची.

मघाशी लाजेने गिळलेलं सगळं आता शिवशंकरच्या तोंडातून फुटलं. "थांबा! हलू नका! तारेत करंट हाय! हुमेरा, थांब गं माय, थांब!"

हसणं बंद झालं. उत्तर मात्र आलं नाही.

पोरीकडे धावावं तर मधे तीच तार. तो खांबाकडे पळाला. ढेकळांत पाय मुडपला, गुडघ्यावर आपटला, बांबू हातातून सुटला. बांबू चाचपडून शोधताना तो लहान लेकरासारखा रडत होता. खांबाशी आला तरी वरची लाइन धुक्यात नीट दिसेना. बांबू वर सारावा तो नुसता हवेत फिरावा. शेवटी काहीतरी लागलं, ठिणगी उडाली आणि आकडा तारेसकट खाली पडला.

"नोमान?"

कोणी ओ दिली नाही. मोटर चालू होती, तेवढाच आवाज. आता पट्ट्यातून पलीकडे जायला हवं होतं आणि त्याची जायची हिंमत होईना. जोवर बघितलं नाही तोवर पोरगी जिवंत होती. मनात तेवढंच घट्ट धरून तो ओल्या हरभऱ्यातून चालत राहिला.

पलीकडच्या कडेला हुमेराचा लाल स्वेटर दिसला. जमिनीवर. मग स्वेटर हलला.

नोमान वाळल्या गवतात पालथा पडला होता आणि त्याच्या मुठीत हुमेराचा पाय होता. पळत्या पोरीला त्याने झडप घालून पाडलं होतं. तिच्या कपाळापासून तार वीतभर लांब होती आणि तारेवर दवाचे थेंब लोंबत होते. पोरीचं तोंड मातीने भरलं होतं. तिला रडूही येत नव्हतं, नुसती थरथरत होती.

"आकडा काढला रे," शिवशंकर धापा टाकत म्हणाला. "आता भ्यायचं काई न्हाई. दे तिला इकडं, इकडून जवळ पडंल." त्याने तारेवरून हात पुढे केले. हुमेरा बापाच्या पोटात शिरली.

नोमान उठून बसला. आधी त्याने तारेकडे बघितलं, मग शिवशंकरच्या हातातल्या बांबूकडे.

"तुला ठाऊक होतं."

"व्हय."

"मंग आधी चहाला काहून बोलावलं?"

खरं कारण शिवशंकरला माहीत होतं, आणि ते या पोरीसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.

"धर ती तार," नोमान म्हणाला.

आकडा पडताना शिवशंकरने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. तरी हात पुढे जाईना. नीट सुटला असेल ना? दुसरीकडे कुठं चिकटला नसेल? नोमान बघत होता. शेवटी शिवशंकरने डोळे मिटले आणि तार मुठीत धरली. गार लागली, बाकी काही नाही.

डोळे उघडले तेव्हा नोमान पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने तार बघितली, तिच्यावरची मूठ बघितली, आणि तरीही तो वळून लांबच्या बांधाने निघून गेला.