कुंपणाच्या आतलं गवत

पांढऱ्या तोंडाची म्हातारी मादी पुढे, मागे याकांचं खांड आणि शेवटी घोड्यावर रिगमोताई. ताईचा कळप पाल्गोनने लांबूनच ओळखला. तो कुरणाच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. ताई इकडे का येतेय, हे त्याला विचारावं लागणार नव्हतं. ऐन वसंताच्या तोंडाशी बर्फ कोसळलं होतं आणि खालची कुरणं गाडली गेली होती. इथे वरच्या उतारावर वारा बर्फ टिकू देत नाही. तारेच्या कुंपणाआड गेल्या साली वाळलेलं गवत उभंच होतं.

"दार उघड," ताई घोड्यावरूनच म्हणाली.

"ताई, मला उघडता येत नाही. तुला ठाऊक आहे."

"कुलूप गंजलंय का?"

"नाही."

"मग हाताला काय झालंय?"

पाल्गोनने किल्ली खिशात सारली. गवत पुन्हा यावं म्हणून सरकारने कुरण चराईला बंद केलं, तेव्हा त्याने आपले याक विकून राखणदाराची नोकरी धरली होती. पगारासाठी धरली हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. माछू नदीच्या वरच्या खोऱ्यातला हा डोंगर अती चराईने त्याच्या डोळ्यांदेखत सोलला गेला होता. गवताची साल जाऊन काळी माती उघडी पडली, झराही आटला. कुंपण आल्यावर त्याने स्वतःच्या हातांनी त्या काळ्या पट्ट्यात बी पेरलं होतं. दोन उन्हाळे काहीच उगवलं नाही. आता कुठे कोंब धरत होते आणि झऱ्याला बोटभर धार आली होती.

"खाली बर्फावर कवच धरलंय," ताई उतरत म्हणाली. "खरवडून खरवडून जनावरांची तोंडं सोलली."

त्याने कुरण-खात्याच्या चौकीला फोन लावला. साहेब म्हणाले, चारा निघालाय, पण गाड्या खिंडीत अडकल्यात. कधी पोचतील सांगता येत नाही. दार मात्र उघडायचं नाही.

"चारा येतोय," पाल्गोनने सांगितलं.

"जनावरांना सांग. मला भूक नाही."

ती दारापासून हटली नाही. याक तारेतून माना घालून मिळेल तेवढं ओढत होते. दुपार कलली तशी एक कालवड पाय दुमडून खाली बसली. ताईने तिला शेपटीला धरून उठवलं. ती पुन्हा बसली. मग ताईने अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढून तिच्यावर घातला आणि तिच्या पाठीला टेकून बसली. ओरडली नाही, आईची शपथ घातली नाही. पाल्गोनला तेच सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर त्याला दार बंद ठेवणं सोपं गेलं असतं.

त्याने पुन्हा फोन लावला. "साहेब, मी दार उघडतोय. नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो." पलीकडचं पुरतं न ऐकता त्याने फोन खिशात टाकला.

"फक्त वरच्या उतारावर," कुलूप काढत तो म्हणाला. "झऱ्याकडे एकही खूर जाता कामा नये."

"जाऊ देईन असं वाटलं तुला? ते पाणी मी तुझ्या आधी प्यायलेय."

खिंड मोकळी होईपर्यंत बहीणभाऊ झऱ्याकाठच्या त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला गोफणी घेऊन बसून राहिले. जवाचं पीठ चहात मळून खायचं, की पुन्हा पहारा. तरी एकदा डोळा लागला आणि पाचसहा याक घुसलेच. कोवळे कोंब चिखलात गेले. ताई गुडघ्यांवर बसून ती माती हातांनी सारखी करत राहिली. कालवड वाचली नाही, बाकीचा कळप तगला.

चाऱ्याच्या गाड्यांमागून साहेब आले. माणूस वाईट नव्हता. तुडवलेल्या जागेपाशी वाकून त्यांनी चिखलातला एक कोंब उचलला.

"थांबायला हवं होतं, पाल्गोन."

"मी थांबलो असतो. जनावरं थांबत नव्हती."

"आज बहिणीसाठी उघडलंस. उद्या दुसरा भावासाठी उघडेल. मग या डोंगराचं काय?"

साहेबांचं चुकत नव्हतं. पाल्गोनने राखणदाराचं हिरवं जाकीट उतरवून घडी केली आणि वर किल्ली ठेवली. साहेबांनी ते घेतलं खरं, पण गाडीत चढता चढता म्हणाले, "अशा बर्फात काय करायचं, हे आमच्या नियमात नाही. वर विचारून बघतो." विचारलं की नाही, ते पाल्गोनला कधीच कळलं नाही.

ताईने कळप हाकायला घेतला. थोडं पुढे जाऊन तिने घोडा थांबवला.

"आता कुठे जाणार?"

"शहरात. रस्त्याचं काम मिळेल."

"उन्हाळ्यात मला माणूस लागतो. पगार नाही. शिव्या मिळतील."

"त्या दिवशी दारापाशी का नाही दिल्यास?"

"साठवून ठेवल्यात. चल, ती मादी ओढ्यात उतरतेय, वळव तिला."

पाल्गोन वळवायला धावला.