बाबांच्या वजनाचा ट्रेलर

बाबांनी ताईकडे राहायला जायचं कबूल केलं, पण एका अटीवर: त्यांच्याआधी मोटारसायकल जाईल, उभी जाईल आणि ओरखडा न पडता जाईल. नाहीतर ते इथेच एकटे राहणार. गेल्या महिन्यात हीच मोटारसायकल सिग्नलला त्यांच्या अंगावर कलंडली होती. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला, तेव्हा कुठे लोकांनी त्यांना खालून ओढून काढलं. गुडघा कामातून गेला, डॉक्टरांनी गाडी बंद केली. बाबांनी गाडीला एका शब्दानं दोष दिला नाही. मी अंगावर पडलो असतो तर आजपर्यंत ऐकत बसलो असतो.

म्हणून दाजी आणि मी अंगणात ट्रेलर बनवत होतो. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, धंद्यानं वेल्डर. मी धंद्यानं धाकटा मुलगा. चार रविवार गेले होते. चाकं भंगारातल्या एका गाडीची होती आणि चौकट बाबांच्या लोखंडी पलंगाची, कारण आमच्या घरात तेवढं सरळ दुसरं काही नव्हतं.

"म्हणजे ही पलंगावर आणि मी चटईवर," बाबा म्हणाले.

"तुमच्यासाठी तिकडे नवा पलंग आणलाय," दाजी म्हणाले.

"मग तो हिला द्यायचा."

हे ते मोटारसायकलवर बसूनच बोलले. चारही रविवार त्यांनी देखरेख तिथूनच केली. खुर्चीवरून नीट दिसत नाही म्हणे. दाजींनी गाडी बांधायला चांगले रुंद पट्टे आणले होते, ते त्यांना पटेनात. "पट्टा पँटला. गाडीला लोखंड." दाजी सासऱ्यांशी वाद घालत नाहीत, चष्मा चढवून ठिणग्या उडवतात. त्यांनी टेप लावून हँडलची उंची घेतली, सीटमागच्या दांडीची घेतली आणि त्या मापानं चार सळया कापून टोकं वाकवून आकडे केले.

चौथ्या रविवारी फळीवरून गाडी वर चढवली. सळया लावायला गेलो, तर चारही दोन-दोन बोटं तोकड्या. दाजींनी त्या उलट्यासुलट्या लावून पाहिल्या आणि मग तिथेच मातीत बसले.

"माप घेतलं तेव्हा वर कोण बसलं होतं?"

मी बाबांकडे बघितलं. ते महिन्यात पहिल्यांदाच खुर्चीवर बसले होते. त्यांच्या वजनानं गाडी दबलेली असताना आम्ही माप घेतलं होतं. बाबा वर बसल्याशिवाय गाडी बांधताच येणार नाही, असा ट्रेलर आम्ही चार रविवार खपून बनवला होता.

"नव्या कापू," मी म्हणालो.

"आता काही कापायला घेतलं तर माझी बोटं जातील. दमलोय रे. तूच बस."

मी बसलो. सळया अजूनही एक बोट तोकड्याच.

"खात जा जरा," बाबा खुर्चीवरून म्हणाले.

शेवटी त्यांनाच खुर्चीसकट फळीवरून चढवलं. ते सीटवर बसले आणि गाडी मुकाट्यानं खाली गेली. आकडे बसले. दाजींनी नट आवळले, गाडीला हिसका दिला. ट्रेलर हलला, गाडी नाही.

"झालं. उतरा, बाबा."

बाबा हँडल धरून समोर बघत राहिले. "आता उतरलो की संपलं," ते म्हणाले. वाण्याकडची यादी सांगावी तसं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत चारही रविवार होते. मग त्यांनी चाकांखालचे दगड काढले आणि पुढचा दांडा उचलला. मी मागून ढकलायला लागलो. पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, परत पाण्याची टाकी. वळणावर बाबांनी शिस्तीत हात दाखवला. दुसऱ्या फेरीला आमचा वेग पडला, तर हॉर्न वाजवला.

तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी किल्ली काढली आणि खिशात न टाकता दाजींच्या हातावर ठेवली.

"वरून ते पट्टेही लावा," ते म्हणाले. "लोखंडाचा काय भरवसा."